कोकणातल्या सुट्टीसाठी कुठली प्राइम लेन्स घ्यावी?

वाचकाचं पत्र: सप्रेम नमस्कार. माझ्याकडे कॅननचा १५००डी आहे. त्याच्यासोबत आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ५५-२५० अशा दोन लेन्स आहेत. डिसेंबरात आम्ही नऊ जण आठवडाभर गुहागरजवळ यांच्या मूळ घरी जाणार आहोत. घर जुनं, कौलारू. माजघरात भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. तिथे आमच्या आजेसासूबाई असतात, वय ८८. त्यांचा धड असा एकही फोटो आमच्याकडे नाही. मागच्या वेळी काढले ते काही हलले आणि फ्लॅश लावून काढले ते पांढरेफटक आले. मुलगी ४ वर्षांची आहे, ती एका जागी थांबत नाही. कॅमेऱ्याच्या दुकानात सांगितलं की ५० एमएम एफ/१.८ घ्या. माझे दीर म्हणतात, तुझ्या कॅमेऱ्यावर ५० फार जवळचं दिसतं, घरात उपयोग नाही, २४ एमएम घे. यूट्यूबवर माणसांच्या फोटोंसाठी ८५ सांगतात. बजेट १५ हजार, फार तर १७. एकच लेन्स घेता येईल. कुठली घेऊ? आणि तिच्यावर फिल्टर लावावा का?
– एक वाचक, नाशिक

प्रिय ताई,

नमस्कार. प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सपैकी कॅननची ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम घ्या.

तुमच्या दिरांचं म्हणणं चुकीचं नाही, हे आधीच सांगते. १५००डीचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) लहान असल्याने त्यावर ५० एमएम खरोखरच जवळचं दिसतं, आणि नऊ जणांचा फोटो माजघरात त्या लेन्सने निघणार नाही म्हणजे नाही. तरीही मी तीच सुचवते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य लेन्सबद्दलचं नाहीच. ते आजींबद्दलचं आहे. लेन्स निवडताना आपण आकडे बघत बसतो, पण खरा प्रश्न असतो की ज्याचा फोटो हवा आहे ते माणूस कुठे बसणार, तिथे उजेड किती असणार आणि आपण त्याच्यापासून किती लांब उभे असणार. या तीन गोष्टी ठरल्या की लेन्स बहुतेक वेळा आपोआप ठरते.

मागच्या वेळचे फोटो का हलले ते बघू. १८-५५ तुम्ही ५५ला नेली की तिचं अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, एफ/५.६पेक्षा मोठं उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). एका बल्बच्या माजघरात आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० ठेवूनही शटर साधारण १/१५ सेकंदाच्या आसपास येतं. तेवढ्या वेळात आजी नुसती मान वळवतात, काहीतरी बोलतात, आणि चेहरा पुसला जातो. त्याच जागी, त्याच उजेडात एफ/१.८वर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. म्हणजे १/१५चं शटर १/१५० होतं. बोलतं माणूस १/१५०ला स्वच्छ येतं. तुम्ही पैसे मोजताय ते या दहापटीचे. मागचं धूसर होणं, ज्याचं लोकांना फार कौतुक असतं, ते त्याच्यासोबत येतं आणि छानही दिसतं, पण तुमच्या कामात ते दुय्यम आहे.

इथे कुणी म्हणेल, १८-५५ला तर आयएस आहे, हात हलला तरी फोटो हलत नाही. खरं आहे. आणि देवघरातल्या समईचा, रिकाम्या माजघराचा, खुंटीवरच्या कंदिलाचा फोटो असेल तर तीच लेन्स वापरा. १/१०वरसुद्धा ती हात सांभाळून घेईल. पण आयएस फक्त तुमचा हात थांबवतं. समोरच्याला थांबवत नाही. समई हलत नाही, ४ वर्षांची मुलगी हलते. ५० एमएमला आयएस नाही, तुमच्या कॅमेऱ्यातही नाही, म्हणून शटर १/८०च्या खाली जाऊ द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता २४ एमएमचा विचार. कॅननची ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम ही फार गोड लेन्स आहे. वजन १२५ ग्रॅम, पापडासारखी चपटी, आणि १६ सेंटिमीटरवर आलेल्या वस्तूवरही फोकस करते. फिरायला जाताना कॅमेऱ्यावर चढवून ठेवावी अशीच ती आहे. तुमच्या बजेटातही बसावी. पण तुमची अडचण उजेडाची आहे, आणि तिथे ती फारसं काही देत नाही. तुमच्या १८-५५चं अपर्चर २४ला साधारण एफ/४ असतं. एफ/४वरून एफ/२.८वर आलं की प्रकाश दुप्पट होतो, इतकंच. त्यात किट लेन्सचं, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५चं, आयएसही तुम्ही गमावता. जे काम आत्ताची लेन्स जवळपास करतेच आहे, त्यासाठी १५ हजारांतले बहुतेक पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅननच्या छोट्या सेन्सरवाल्यांची ही जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. निकॉनवाल्यांना २००९पासून ३५ एमएम एफ/१.८ची डीएक्स, म्हणजे छोट्या सेन्सरसाठीची, लेन्स मिळते: स्वस्त, २०० ग्रॅमची, घरात वापरायला नेमकी. तुमच्याकडे निकॉन डी३५०० असता तर मी डोळे झाकून तीच सांगितली असती. कॅननने ईएफ-एसमध्ये, म्हणजे त्यांच्या छोट्या सेन्सरसाठीच्या लेन्समध्ये, तसं काही काढलंच नाही. ईएफ ३५ एमएम एफ/२ आयएस उत्तम आहे, पण तुमच्या बजेटच्या खूप बाहेर. सिग्माची ३० एमएम एफ/१.४ आर्ट ही या कॅमेऱ्यासाठी जवळजवळ आदर्श म्हणावी अशी. नवी घ्यायची तर तीही महाग, आणि वजन चारशे ग्रॅमच्या वर. मात्र चांगल्या अवस्थेतली जुनी तुमच्या आकड्यात मिळाली तर थांबा, विचार करा. त्याबद्दल पुढे लिहिते.

८५चा विषय लवकर संपवू. १५००डीवर ८५ म्हणजे मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरवरच्या १३५च्या लेन्सइतकं जवळचं दृश्य. तीन मीटरवरून जेमतेम ८० सेंटिमीटर रुंदीचं चित्र मिळतं. लग्नाच्या हॉलमध्ये, मैदानात ठीक. घरात तुम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या राहाल आणि तरीही मागे सरकावंसं वाटेल. नको.

या जवळ-लांबचा अंदाज शब्दांत सांगून येत नाही, म्हणून आकडे देते. तुमच्या कॅमेऱ्यात ५० एमएम लावून तीन मीटरवरून, म्हणजे सुमारे दहा फुटांवरून आडवा फोटो काढला तर १.३ मीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच एवढा भाग येतो. खांद्याला खांदा लावून बसलेली दोन माणसं, कमरेपासून वर. उभ्या मोठ्या माणसाचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो हवा असेल तर कॅमेरा उभा धरूनही तुम्हाला चार-साडेचार मीटर मागे जावं लागेल. २४ एमएमने त्याच तीन मीटरवरून २.८ मीटर रुंदी मिळते, म्हणजे पाच-सहा जण. दिरांचा मुद्दा हाच आहे.

आता याच आकड्यांतून आजींकडे बघा. त्या माजघरात पाटावर बसून तांदूळ निवडतायत. तुम्ही समोर दोन-अडीच मीटरवर जमिनीवर बसला आहात. ५० एमएममध्ये त्यांचा चेहरा, खांदे, हात आणि मांडीवरचं सूप एवढं नेमकं येतं. बाजूचं प्लास्टिकचं टेबल, चार्जिंगला लावलेले फोन, भिंतीवरचं कॅलेंडर येत नाही. आणि तुम्ही त्यांच्या अंगावर जाऊन उभ्या नसता. कॅमेरा दोन फुटांवर आला की वयस्क माणसं आवरून बसतात, पदर सारखा करतात, चेहरा घट्ट होतो. दोन मीटरवरून त्या तुमच्याशी बोलत राहतात. चेहऱ्याची ठेवणही या अंतरावरून खरी येते. २४ने तेवढाच मोठा चेहरा हवा असेल तर मीटरभरावर जावं लागतं आणि नाक मोठं, कान मागे गेलेले असं दिसू लागतं.

तरीही माझ्या शब्दावर पैसे खर्च करू नका. घरच्या घरी एक परीक्षा करून बघा. १८-५५ बरोबर ५०वर फिरवा आणि कड्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावा, म्हणजे ती हलणार नाही. एक रविवार घरात फक्त तसेच फोटो काढा, मुलीचे, सासूबाईंचे, जेवतानाचे. उजेडाकडे, हललेल्या फोटोंकडे दुर्लक्ष करा. आत्ता फक्त चौकट बघायची आहे. दुसऱ्या रविवारी तसंच ३०वर. संध्याकाळी दोन्ही दिवसांचे फोटो शेजारी ठेवून बघा की तुम्हाला परत बघावेसे वाटणारे कुठले आहेत. मागच्या कोकणच्या फोटोंची माहिती संगणकावर उघडलीत तर प्रत्येक फोटो किती एमएमवर काढला तेही दिसेल. आवडते फोटो ४० ते ५५च्या मध्ये पडले असतील तर प्रश्न मिटला. बहुतेक २४ ते ३५मध्ये असतील, आणि ५०च्या रविवारी तुम्ही सारखी चिडचिड केली असेल, तर जुन्या सिग्मा ३०चा शोध घ्या. अशा परीक्षेनंतर घेतलेली लेन्स कपाटात पडून राहत नाही.

मोबाइल आहे की, मग लेन्स कशाला, असं घरात कुणीतरी म्हणेलच. आजच्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यावरही एफ/१.८ लिहिलेलं असतं, पण त्याचा सेन्सर तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या मानाने फार लहान असतो, त्यामुळे एकूण प्रकाश कमीच गोळा होतो. फोन मग अनेक फोटो एकावर एक रचून अंधार भरून काढतो. समोरचं स्थिर असेल तर ते काम फोन फार छान करतो. पळणाऱ्या मुलीला तो कधी पुसतो, कधी चेहरा मेणासारखा गुळगुळीत करतो. जेवणाचं पान, वाडीची वाट, जेट्टीवरची गर्दी हे सगळं खुशाल फोनवर काढा. लेन्स बदलण्याचा त्रास वाचेल.

लेन्स हातात आली की जायच्या आधी निदान दोन-तीन आठवडे ती वापरा. एफ/१.८वर फोकस कुठे पडला याला फार महत्त्व येतं. दोन मीटरवरून जेमतेम ११ सेंटिमीटर खोलीचा भाग स्वच्छ राहतो. एक मीटरवरून अडीच सेंटिमीटर. म्हणजे जवळून काढलात तर डोळा स्वच्छ आणि कान धूसर. म्हणून आजींच्या फोटोला एफ/२.८ ठेवा, उजेड फारच कमी असेल तर एफ/२.२. चेहरा पूर्ण येईल, आणि लेन्स पूर्ण उघडी असताना जो किंचित मऊपणा असतो तोही जाईल. १५००डीमध्ये नऊ फोकस पॉइंट आहेत आणि अंधारात त्यातला मधला सगळ्यात भरवशाचा आहे. फक्त तोच निवडून ठेवा. तो तुमच्या जवळच्या डोळ्यावर धरा, बटण अर्धं दाबा, चौकट थोडी सरकवा आणि काढा. सरकवताना स्वतः पुढे-मागे झुकू नका, अडीच सेंटिमीटर तेवढ्यात निघून जातात.

मोड एम (मॅन्युअल) ठेवा, घाबरू नका. अंधाऱ्या माजघरात अपर्चर एफ/२.२, शटर १/१२५, आयएसओ ऑटो, त्याची कमाल मर्यादा ३२००. उजेड कमी-जास्त झाला की आयएसओ आपला आपण सांभाळतो आणि तुम्ही आजींकडे लक्ष देऊ शकता. ३२००ला थोडे दाणे दिसतील. दिसू देत. दाणेदार फोटो छापून भिंतीवर लावता येतो, हललेला लावता येत नाही.

शटर १/१२५च का, त्यालाही कारण आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी बल्ब आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/५०० ठेवलंत तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसऱ्यात आडवे पट्टे असं होतं. बल्बच्या उजेडात १/१०० ते १/१२५ ठेवलं की हा त्रास बहुतेक टळतो. मुलगी तेवढ्यात जरा हलेल, पण ती वळायला थांबते, हसायला थांबते, तो क्षण धरायचा.

फ्लॅशला हात लावू नका. वरचा उघडणारा फ्लॅश चेहरा सपाट करतो, ते तुम्ही पाहिलंच आहे. कुणी सांगेल, वेगळा फ्लॅश घे आणि छताकडे तोंड करून मार. शहरातल्या पांढऱ्या स्लॅबखाली ते चालतं. कौलारू घरात वर काळपट वासे आणि लाल कौलं, तीही उतरती आणि उंच. परत काही येत नाही, आणि आलंच तर तांबूस येतं.

त्याऐवजी उजेड जिथे आहे तिथे आजींना बसवा. जुन्या कोकणी घरात सगळ्यात सुंदर उजेड असतो माजघराच्या दारात, जिथे ओटीवरून किंवा पडवीतून तो आडवा आत येतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास त्यांना उंबऱ्याच्या आत दोन-तीन फुटांवर बसू द्या, तोंड दाराकडे नको, दाराला जरा कोन करून. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी सावलीत हळूहळू जाणारी, डोळ्यांत दाराची चौकट चमकलेली. मागे माजघराचा काळोख असेल, तो तसाच राहू द्या. आतला बल्ब बंद करा; बल्बचा पिवळा किंवा निळसर उजेड आणि बाहेरचा उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. आणि त्यांना ‘इकडे बघा’ म्हणू नका. मुलीला त्यांच्याजवळ सोडा, हातात काहीतरी काम असू द्या, आणि तुम्ही बोलत बोलत काढा. पहिले दहा फोटो वाया गेले तरी चालतील. त्यानंतर त्या कॅमेरा विसरतात.

जमलं तर त्यांच्या हातांचेही फोटो काढा. ही लेन्स ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते.

घराबाहेर गणित उलटतं. वाडीत, पोफळींच्या खाली, दुपारीही उजेड तुकड्यातुकड्यांत असतो. चेहऱ्यावर ऊन-सावलीचे ठिपके येतात. तिथे माणसाला पूर्ण सावलीत घ्या आणि एफ/२.८वर काढा, मागच्या पानांतून येणाऱ्या उजेडाचे मऊ गोळे दिसतील. समुद्रावर भर उन्हात एफ/१.८ वापरूच नका. १५००डीचं सगळ्यात वेगवान शटर १/४०००, आणि भर उन्हात एफ/१.८ला तेही कमी पडतं, फोटो पांढरा होतो. एफ/४ किंवा एफ/५.६ ठेवा, मुलगी पळत असेल तर शटर १/१०००, फोकस एआय सर्व्होवर, म्हणजे हलत्या माणसामागे फोकस फिरत राहतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्याच्या आधीचा अर्धा तास गुहागरच्या किनाऱ्यावर या लेन्ससाठी सोन्यासारखा आहे. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने तिरपा उजेड सरळ चेहऱ्यावर येतो. तुम्ही पाण्याकडे पाठ करून उभ्या राहा आणि मागे सुरूची रांग येऊ द्या. सूर्य गेल्यावरही पंधरा-वीस मिनिटं थांबा. बाकीचे कॅमेरे बॅगेत जातात तेव्हा एफ/१.८ची लेन्स अजून काम करत असते.

नऊ जणांचा फोटो मात्र १८-५५नेच. सकाळी ओटीच्या पायऱ्यांवर सगळ्यांना दोन रांगांत बसवा, लेन्स २४-२८च्या आसपास, अपर्चर एफ/५.६, कॅमेरा कशावर तरी टेकवून दहा सेकंदांचा टायमर. तुम्हीही त्यात बसा. आणि एखाद्या दिवशी कॅमेरा यांच्या किंवा दिरांच्या हातात द्या. तेव्हा किट लेन्स लावून हिरव्या ऑटोवर द्या. ५० एमएम एफ/१.८वर दिलात तर फोकस तुमच्या मागच्या खांबावर असेल आणि दोष त्यांच्यावर येईल.

खरेदी करताना दोन-तीन गोष्टींकडे बारीक लक्ष द्या. कॅननची आरएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम अशीही एक लेन्स आहे. नाव जवळजवळ तेच, पण ती मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी आहे आणि तुमच्या कॅमेऱ्यावर बसणारच नाही. खोक्यावर ‘ईएफ’ आहे ना, ते स्वतः वाचा. उलट बाजूने फायदा आहे: उद्या तुम्ही कॅननचा मिररलेस घेतलात तर ही ईएफ लेन्स अडॅप्टरने त्यावर चालेल. जुन्या बाजारात ‘५० एमएम एफ/१.८ टू’ नावाची आधीची लेन्स स्वस्तात दिसेल. तिचा माउंट (कॅमेऱ्यात अडकणारी मागची कडी) प्लास्टिकचा, अपर्चरला पाचच पाती आणि फोकसचा आवाज मोठा. २०१५ला आलेल्या एसटीएममध्ये माउंट धातूचा आहे, सात पाती आहेत. थोडे पैसे वाचवण्यासाठी जुनी घेऊ नका. आणि भारतातलं वॉरंटी कार्ड, जीएसटीचं बिल घेतल्याशिवाय नवी लेन्स घेऊ नका.

सिग्मा ३० जुनी घ्यायचीच झाली तर मुंबईत सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात एक चक्कर मारा. कॅमेऱ्याची नवी-जुनी दुकानं तिथे ओळीने आहेत. जुनी लेन्स मोबाइलचा टॉर्च मागून मारून आरपार बघायची. आत जाळ्यासारखे धागे किंवा ढगाळ डाग दिसले तर ती बुरशी, लेन्स परत ठेवा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हे फार होतं. अपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक नको. आणि स्वतःचा कॅमेरा नेऊन त्यावर लावून बघा.

नवी असली तरी पहिल्याच दिवशी एक तपासणी करा. वर्तमानपत्र टेबलावर पसरा, कॅमेरा तिरपा धरून मधल्या एका ओळीवर फोकस करा, एफ/१.८वर फोटो काढा आणि मोठा करून बघा की तीच ओळ स्वच्छ आहे का. दहा वेळा करा. दर वेळी पुढची किंवा मागचीच ओळ स्वच्छ येत असेल तर लेन्स बदलून मागा, कारण हा फरक कॅमेऱ्यातच दुरुस्त करायची सोय १५००डीमध्ये नाही. तोवर घाई असेल तर पडद्यावर बघून, लाइव्ह व्ह्यूमध्ये काढा. तिथे फोकस थेट सेन्सरवरून होतो, सावकाश होतो, पण नेमका पडतो.

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लेन्स बदलू नका. सकाळी निघतानाच ठरवा की आज कुठली. हेदवीच्या बामणघळीत भरतीला पाणी घळीतून उसळून वर येतं. तिथे ५५-२५० लावून लांब उभ्या राहा, आणि मुलीचा हात दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने गेलात तर डेकवरही खारे तुषार असतातच, कॅमेरा पिशवीत ठेवा आणि हवा तेव्हाच काढा. घरी आलं की मऊ, किंचित ओलसर कपड्याने बॉडी पुसा, मग कोरड्याने. या ५०ची पुढची नळी फोकस करताना बाहेर येते, तिच्यावर दाब देऊ नका. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि नाशिकला परतल्यावर कॅमेरा लगेच कपाटात बंद न करता एक दिवस हवेशीर जागी राहू द्या. आणि देवळांत गाभाऱ्याजवळ फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा.

आता फिल्टरचं. किनाऱ्यावर असताना ४९ एमएमचा चांगला यूव्ही फिल्टर लावा, तुषार आणि वाळू त्याच्यावर बसू द्या. फोटो त्याने सुधारत नाही, काच वाचते, एवढाच त्याचा उपयोग. घरात शिरलात की तो काढून ठेवा, कारण अंधाऱ्या खोलीत समई किंवा बल्ब चौकटीत असेल तर फिल्टरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब उमटतं आणि फोटोत हिरवट ठिपका दिसतो. एकाच गोष्टीला पैसे उरले असतील तर आधी लेन्सचं हूड घ्या, ईएस-६८ नावाचं. पुढे येणारी नळी त्याने झाकली जाते, तिरपं ऊन अडतं, आणि ४ वर्षांच्या मुलीची चिकट बोटं काचेपर्यंत सहसा पोचत नाहीत.